उघडिपीतली छत्री

छत्री माणूस विकत घेतो पावसात आणि विसरतो उघडिपीत. बाहेर सरी कोसळत असताना छत्री विसरून निघालेला मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. आगगाडीच्या फळीवर, हॉटेलातल्या खुर्चीच्या पाठीला, लग्नघराच्या दाराआड ज्या छत्र्या बेवारशी पडलेल्या आढळतात, त्या सगळ्या पाऊस थांबल्यानंतरच्या. उन्हाची तिरीप आली, की हातातली छत्री ही अडगळ वाटू लागते. मग ती कुठे तरी टेकवली जाते आणि टेकवली ती राहतेच.

छत्रीचा, म्हणजे खरे तर छत्रीवाल्याचा, हा स्वभाव मला एका निराळ्याच गोष्टीच्या संदर्भात वारंवार आठवतो. ती गोष्ट म्हणजे नागरिकांच्या हक्कांसाठी झगडणारी संघटना. दिवाळीच्या दिवसांत, एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक धरून बसलेल्या वाचकापुढे तुरुंगाचा आणि कायद्याचा विषय काढणे हा थोडा अरसिकपणाच झाला. पण आपल्या घरात निर्धास्तपणे अंक चाळत बसता येणे आणि रात्री दारावर थाप पडली तर ती पाहुण्याचीच असेल अशी खात्री असणे, हीही एक चैनच आहे. ती ज्यांच्यामुळे थोडीबहुत टिकली, त्यांची आठवण सणाच्या दिवशी काढली तर ती अस्थानी ठरू नये.

आपल्याकडे अशी पहिली छत्री उघडली गेली ती मुंबईत, १९३६ सालच्या ऑगस्टमध्ये. इंग्रजी अमलाचे दिवस. सभांवर बंदी, वर्तमानपत्रांकडून जामीन, आणि खटल्यावाचून स्थानबद्धता हा रोजचा शिरस्ता. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी कल्पना मांडली, की नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी पक्षापक्षांच्या पलीकडची एक संघटना असावी. अमेरिकेत अशी संस्था १९२० पासून होती, खुद्द इंग्लंडातही १९३४ साली निघाली होती. त्याप्रमाणे ‘इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ स्थापन झाली. रवींद्रनाथ ठाकूर सन्माननीय अध्यक्ष, सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष, आणि केरळचे डॉ. के. बी. मेनन चिटणीस. नावे पाहिली तर वाटावे, की या संस्थेला मरण नाही.

पण १९३७ साली निवडणुका झाल्या आणि बहुतेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. काल जे मोर्च्यात होते ते आज सचिवालयात बसले. आता सरकारविरुद्ध तक्रार करायची म्हणजे आपल्याच माणसांविरुद्ध! आपल्याकडे खेरांचे मंत्रिमंडळ होते. त्याने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप पुकारला, आणि त्या दिवशी गोळीबारही झाला. गोळी चालवण्याचा हुकूम गोऱ्या साहेबाच्या सरकारचा की खादीतल्या मंत्र्यांच्या सरकारचा, याने ती लागणाऱ्याला काय फरक पडतो? पण हुकुमाचा जाब विचारणाऱ्याला मात्र फार फरक पडतो. त्याची जीभ अडखळते. मोठमोठ्या नावांची ती संस्था हळूहळू ओसरली. ऊन पडले होते ना!

स्वातंत्र्य आले तेव्हा तर ऊन लखलखीतच पडले. संविधानाने मूलभूत हक्क लेखी दिले. मग संघटना कशाला हवी? पण २६ जानेवारी १९५० ला संविधान अमलात आले आणि महिनाभरातच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदाही आला. एकाच वर्षी घरात दोन भावंडे जन्मावीत तसे हे हक्क आणि ही स्थानबद्धता बरोबरच वाढली. त्याच वर्षी रोमेश थापर यांच्या, मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. म्हणजे मेघ होतेच, पण बहुतेकांच्या घरावर ते बरसत नव्हते. जे भिजत होते ते दूरचे होते, निराळ्या मतांचे होते. १९७२ साली कलकत्त्यात लोकशाही हक्कांच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली आणि पुढे आंध्रातही निघाली. पण आपल्या पांढरपेशा वस्त्यांतून त्यांचे नाव क्वचितच कुणाच्या कानांवर आले असेल.

आता या गोष्टीत एक सासवडचे गृहस्थ येतात. विठ्ठल महादेव तारकुंडे. जन्म १९०९ चा. वडील सासवडला वकील आणि अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिलेले सुधारक. मुलगा पुण्याला शिकला, मॅट्रिकला साऱ्या मुंबई इलाख्यात पहिला आला, आणि पहिल्या आलेल्या मुलाने जे करू नये असे सगळ्यांना वाटते ते त्याने केले. त्याने शेतकी कॉलेजात नाव घातले. मग विलायतेस जाऊन तो बॅरिस्टर झाला. परत आल्यावर पुण्यात वकिली, मग मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांची ओढ, मग वकिली सोडून पूर्णवेळ पक्षकार्य. १९४८ साली रॉय यांच्या मंडळींनी आपला पक्षच विसर्जित करून टाकला. सत्तेसाठी चाललेल्या पक्षीय राजकारणातून माणसाचे स्वातंत्र्य साधणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. पक्ष फुटल्याचे आपण नेहमी वाचतो. समजून उमजून मिटवल्याचे क्वचित. तारकुंडे पुन्हा वकिलीकडे वळले, १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९६९ साली ते पद सोडून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले.

या चरित्रात एक गंमत आहे, आणि ती वगळली तर चित्र उगाच गुळगुळीत होईल. १९६४ साली न्यायमूर्ती तारकुंड्यांपुढे एक गाजलेला अब्रुनुकसानीचा दावा चालला होता. त्यात एका साक्षीदाराने विनंती केली, की माझी साक्ष वर्तमानपत्रांत छापून येऊ नये. आणि न्यायमूर्तींनी तसा तोंडी आदेश दिला. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर मिरजकर आणि इतर पत्रकार या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली आणि १९६६ साली आदेश कायम राहिला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तेवढा विरोधी निर्णय दिला. लेखनस्वातंत्र्यासाठी पुढे अखंड झगडणाऱ्या माणसाच्या नावामागे अशी एक बंदी लागलेली आहे. मला यात विसंगतीपेक्षा दिलासा अधिक वाटतो. हक्कांची चळवळ जन्मजात संतांनी चालवलेली नाही. खुर्चीवर बसल्यावर हात किती सहज पुढे होतो, हे ठाऊक असलेल्या माणसांनीही ती चालवलेली आहे.

१९७४ च्या एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायण यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ ही संस्था काढली, तिचे तारकुंडे सरचिटणीस झाले. आणि वर्षभराने, १९७५ च्या २५ जूनच्या रात्री, तो मोठा पाऊस सुरू झाला. ‘मिसा’ हे अक्षर शाळकरी पोरांच्याही तोंडी बसले. शहा आयोगाने पुढे मोजदाद केली तेव्हा मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षणाच्या नियमांखाली ७५,८१८ माणसे धरली गेल्याचे दिसले. येरवड्याला एकाच भिंतीआड सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते आणि बाबा आढावही होते. बाहेर ज्यांनी एकमेकांच्या ओसरीवर पाय ठेवला नसता, ती माणसे आत एकाच कुलुपाखाली आली.

त्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाशांना नोव्हेंबरात सोडले होते, पण त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि ते मुंबईत जसलोकमध्ये होते. दुर्गाबाईंनी भर संमेलनात त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला सभेला सांगितले. तेवढेच. घोषणा नाही, निषेधाचा ठराव नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना कुणीही करावी. पण त्या दिवसांत ते नाव मोठ्याने उच्चारणे हेच धाडस होते. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंनाही तुरुंग पाहावा लागला.

सर्वोच्च न्यायालयात तेव्हा एकच प्रश्न उभा होता: आणीबाणीत धरलेल्या माणसाला ‘मला का धरले’ असे न्यायालयात विचारता येते की नाही? नऊ उच्च न्यायालयांनी येते असे म्हटले होते. स्थानबद्धांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांत तारकुंडे होते. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारच्या महान्यायवादींना विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर त्यावरही इलाज नाही, असेच उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चौघे सरकारच्या बाजूने, एकटे खन्ना विरुद्ध. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच तो निकाल उघडपणे मोडीत काढला, पण २०१७ साली. एकेचाळीस वर्षांनी!

न्यायालयाचे दार असे लागल्यावर माणसांनी एकमेकांचे दार ठोठावले. १७ ऑक्टोबर १९७६ ला, आणीबाणी चालू असतानाच, दिल्लीत एक परिषद भरली. आचार्य कृपलानींनी उद्घाटन केले. जयप्रकाशांच्या प्रेरणेने ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमोक्रॅटिक राइट्स’ या लांबलचक नावाची संघटना जन्माला आली; तारकुंडे अध्यक्ष, कृष्णकांत सरचिटणीस. भर पावसात छत्री उघडली ती अशी.

आणि पाचच महिन्यांनी, मार्च १९७७ मध्ये, पाऊस थांबला. सरकार पडले, तुरुंगांची दारे उघडली. संघटनेतले कितीक जण खासदार झाले, सत्तेच्या आसपास गेले. सरचिटणीसही लोकसभेत गेले. पुढच्या वर्षी मिसा रद्द झाला. आता काय राहिले? १९३७ ची गोष्ट चाळीस वर्षांनी जशीच्या तशी घडली. संघटना विसर्जित झाली नाही, कुणी ती मोडलीही नाही. ती नुसती खुंटीला लटकत राहिली.

पण एक फरक झाला. ज्या १९७७ मध्ये सगळे गुलाल उधळत होते, त्याच वर्षी जयप्रकाशांच्या सांगण्यावरून तारकुंडे एक समिती घेऊन आंध्रात गेले. आणीबाणीच्या काळात तिथे नक्षलवादी म्हणून काही तरुण पोलिसांशी झालेल्या ‘चकमकी’त मेल्याचे जाहीर झाले होते. समितीत हैदराबादचे वकील कन्नबिरान होते, कवी काळोजी नारायण राव होते. गिरायपल्लीच्या जंगलात जुलै १९७५ मध्ये चार तरुण मेले होते. समिती गावोगाव गेली, तिने माणसांना विचारले, आणि निष्कर्ष काढला, की ही चकमक नव्हतीच. धरून आणलेल्यांना ठार केले होते.

माझ्या मते या संघटनेचा खरा जन्म या प्रवासात झाला. मिसाखालच्या माणसांसाठी भांडणे सोपे नव्हते, पण ते आपल्यातले होते: संपादक, प्राध्यापक, पुढारी. जंगलात मेलेल्या पोरांचा मार्ग मात्र तारकुंड्यांना मुळीच मान्य नव्हता. मानवतावादी माणूस, बंदुकीने क्रांती होते यावर त्याचा विश्वास कसा असणार? तरीही ते गेले, आणि तेही ऊन पडलेले असताना, आपल्या ओळखीचे लोक राज्यावर असताना.

१९८० साली जुने सरकार परतले. सप्टेंबरात राष्ट्रीय सुरक्षेचा वटहुकूम निघाला; नव्या नावाने पुन्हा तीच स्थानबद्धता. नोव्हेंबरात दिल्लीला परिषद भरली आणि त्या लटकत्या छत्रीला नवे कापड चढवले गेले. लिखित घटना झाली, वर्गणी देणारे सभासद झाले, राज्याराज्यांतून शाखा ठरल्या. नावही जरा आटोपशीर झाले: पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पी.यू.सी.एल. अध्यक्ष पुन्हा तारकुंडे, सरचिटणीस अरुण शौरी. दिल्लीची शाखा लवकरच पी.यू.डी.आर. या नावाने वेगळी झाली. एक नियम मात्र पक्का: देशातल्या वा परदेशातल्या कोणत्याही देणगीदार संस्थेचा पैसा घ्यायचा नाही, जे काही करायचे ते सभासदांच्या वर्गणीतून. ज्याची संघटना त्याचाच खिसा. त्यामुळे ती कधी श्रीमंत झाली नाही, आणि बहुधा त्यामुळेच टिकली.

या मंडळींचे काम चालते कसे, हे पाहिले तर त्यात नाट्य फारसे नाही. कुठे काही घडल्याची बातमी येते. चारपाच जण, एखादा वकील, एखादी प्राध्यापिका, एखादा पत्रकार, पदरमोड करून तिथे जातात. ज्याच्यावर अन्याय झाला म्हणतात त्याला भेटतात, शेजाऱ्यांना विचारतात, ठाणेदारालाही विचारतात. तो बोलला नाही तर ‘बोलला नाही’ असे लिहितात. परत येऊन अहवाल छापतात. पातळ कागदाची पुस्तिका, किंमत चहाच्या कपाएवढी. नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली, तेव्हा पी.यू.डी.आर. आणि पी.यू.सी.एल. यांनी मिळून अशीच एक पुस्तिका त्याच महिन्यात काढली. नाव साधेच होते: ‘गुन्हेगार कोण?’ लोकांनी ज्यांची नावे सांगितली ती तिने छापली. पुढे कितीतरी आयोग बसले आणि उठले, पण राख गरम असताना लिहिलेल्या त्या पानांकडे सर्वांना पुन्हा पुन्हा वळावे लागले.

कधी अहवाल नसतो, नुसते पत्र असते. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी क्रीडागारे आणि पूल बांधले जात होते. मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. पण मुकादम माणशी एक रुपया कापून घेई आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. पी.यू.डी.आर.ने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले. त्या पत्राचाच अर्ज झाला, आणि न्यायालयाने सांगितले, की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन राबवणे हीसुद्धा वेठबिगारीच. एका रुपयाचा प्रश्न होता. पण वेठ या शब्दाचा अर्थ त्या एका रुपयाने बदलला.

आमचे एक स्नेही आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन, दर दिवाळीला स्वतः अनारसे घेऊन येणारे. हे सारे त्यांना सांगितले, की ते शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, “ते सगळं ठीक आहे हो. पण तुमच्या या मंडळींना नेहमी गुन्हेगाराचाच पुळका का येतो? ज्याचा खून झाला त्याच्या घरी हे कधी जातात का?”

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चळवळीतल्या माणसांनाही तो छळत आला आहे. आंध्रातले बालगोपाल हे मुळात गणिताचे प्राध्यापक आणि तिथल्या संघटनेचा कणा. सरकारच्या हिंसेवर जितके बोलतो तितकेच नक्षलवाद्यांच्या हिंसेवरही आपण बोलले पाहिजे, या आग्रहापायी १९९८ मध्ये ते जुन्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी नवी संघटना काढली. म्हणजे स्नेह्यांचा प्रश्न त्यांनी आयुष्याचे सोबती गमावून विचारला.

मी माझ्यापुरते उत्तर असे देतो. ज्याचा खून झाला त्याच्या बाजूने पोलीस, सरकारी वकील आणि न्यायालय उभे राहावे म्हणूनच आपण कर भरतो. ते उभे राहिले नाहीत तर तोही हक्काचाच भंग, आणि तिथे जायलाच हवे. पण ज्याला पोलिसांनीच मारले त्याने कुणाकडे जावे? मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकी झाल्या आणि सुमारे १३५ माणसे मेली. त्यांतली किती गुंड होती, हे कोणत्याही न्यायालयाने ठरवले नव्हते. पी.यू.सी.एल.ने तो प्रश्न न्यायालयात नेला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोळा दंडक घालून दिले: चकमकीत मृत्यू झाला, की गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी होऊ द्या. यात गुंडाचा पुळका कुठे आला? उद्या चुकून आपल्या ओळखीचा कोणी त्या गोळीपुढे आला, तर तपास व्हावा एवढीच ती तरतूद.

स्नेही अजून पुरते पटलेले नाहीत. पण मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता. सरकारी गोदामे धान्याने भरून वाहत होती आणि गावांत माणसे उपाशी होती. पी.यू.सी.एल.च्या राजस्थानातल्या मंडळींनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की जगण्याच्या हक्कात भाकरीचा हक्क येतो की नाही? त्या वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने आदेश दिला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला वर्षातले निदान दोनशे दिवस दुपारचे शिजवलेले जेवण द्या. आपल्याकडे तोवर मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळत. त्यानंतर शाळेतच चूल पेटली आणि खिचडीचा वास वर्गात येऊ लागला.

तारकुंडे २००४ च्या मार्चमध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले. तोवर ती चूल पुष्कळ गावांत पेटली होती. दुपारच्या सुट्टीत हात धुऊन रांगेत बसणाऱ्या पोराला हे जेवण कुणाच्या अर्जामुळे आले, हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. शिजवणारी बाई त्याला विचारते, “अजून वाढू का रे?” आणि तो ताट पुढे करतो.